इस्त्रीच्या फळीवरचे थर

वडील गेल्यानंतर आई रिकाम्या फळीवर इस्त्री फिरवते, हे पहिल्यांदा पाहिलं ते घरकामाला येणाऱ्या बाईंनी. त्यांनी फोन केला नाही. मी भाजी घेऊन नगरला सावेडीतल्या आईच्या घरी गेले तेव्हा त्यांनी फाटकापाशीच गाठलं आणि आवाज खाली आणून सांगितलं.

"ताई, रागावू नका. पन आई रिकामीच इस्त्री करत्यात. खाली कापड न्हाई, काय न्हाई. नुस्ती फळी."

"कपडा घ्यायला विसरत असेल."

"रोज कोन विसरतं व्हय? आंघोळ झाली की उभ्या ऱ्हात्यात, डोळे मिटून. मला लई भ्या वाटतं. मी आता मागच्या दारानं येत जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच सुमाराला गेले. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. आई मधल्या खोलीत होती. केस ओले, अंगावर धुतलेली साडी. फळी तिच्या नेहमीच्या जागी, एक टोक खिडकीला लावून पायांवर उभी केलेली. आईनं वाटीतलं पाणी बोटांनी फळीवर शिंपडलं, कपड्यावर शिंपडतात तसं, आणि इस्त्री एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेली. वाफ उठली. आईनं वाकून त्या वाफेत तोंड धरलं.

मग तो वास माझ्यापर्यंत आला.

वास वडिलांचा होता. त्यांची आठवण करून देणारा वगैरे नव्हे. ते बाहेरून येऊन खोलीत उभे राहिले असते तर जेवढा आणि जसा आला असता, तेवढाच आणि तसाच. मी दारातच थांबले. खोलीत आई आणि मी, दोघीच होतो. वाफ विरली, तसा वास गेला.

"आला ना?" आईनं विचारलं. मागे वळून पाहिलं नाही. दूध आलं का, असं विचारावं तसा आवाज होता.

आला, असं मी म्हणाले. दुसरं काही म्हणणं खोटं ठरलं असतं.

त्या वासात काय काय होतं ते नंतर शांतपणे आठवून पाहिलं. खोबरेल तेल. ओलं लोखंड. लोकरीसारखं काहीतरी. आणि तळाशी अगदी थोडा, शिळा तंबाखू. हे शेवटचं घरात सगळ्यांना लहानपणापासून माहीत होतं आणि त्याचा उलगडा कुणालाच नव्हता. वडील तंबाखू खात नसत, ओढतही नसत. आई म्हणायची, लग्नाआधी ओढत असतील आणि सांगत नसतील. अंगात मुरलाय तो.

वडील कोर्टात कारकून होते. पांढरा शर्ट, राखी पँट. शर्ट ते इस्त्रीवाल्याकडे कधी देत नसत. आई शर्टाला खळ आणि नीळ करून द्यायची आणि रोज सकाळी ते स्वतः इस्त्री करायचे. फळी त्यांनीच आणलेली. बाजारात मिळते तशी निमुळती नव्हे. सागवानी, सरळ, रुंद, अख्खा शर्ट पालथा पसरता येईल एवढी. शर्ट ठेवण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. कॉलर खिडकीकडे, पाठ वर, बाह्या दोन्ही बाजूंना. निवृत्तीनंतरही हा क्रम मोडला नाही. दवाखान्यात दाखल झाले त्या सकाळीसुद्धा त्यांनी इस्त्री केली होती.

ते गेल्यावर तेराव्याच्या आत त्यांचं सगळं देऊन टाकलं गेलं. आमच्याकडे तशी रीत आहे. गेलेल्या माणसाच्या अंगाला लागलेलं काही घरात ठेवायचं नाही. कपडे, अंथरूण, चष्मा, चपला, कंगवा. एक आत्या स्वतः कपाटं तपासत होत्या आणि आई पलंगावर बसून पाहत होती. फळीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. फळी म्हणजे घरातलं सामान, वडिलांची वस्तू नव्हे, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

त्या सकाळी मी फळी जवळून पाहिली. वरचं कापड ठिकठिकाणी तपकिरी झालं होतं. एका जागी इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचं भोक पडलं होतं. भोकातून खालचं कापड दिसत होतं, आणि तेही करपलेलं होतं.

हे भावाला सांगायचं की नाही याचा विचार करायची वेळच आली नाही. तो पुण्याला असतो. त्याच शनिवारी तो न कळवता आला आणि त्यानं स्वतःच पाहिलं. मी पोचले तेव्हा तो बाहेरच्या खोलीत येरझारा घालत होता.

"ताई, तुला माहीत होतं?"

"चार दिवसांपूर्वी कळलं."

"आणि तू गप्प बसलीस? अगं, रिकाम्या फळीवर तापलेली इस्त्री! डोळे मिटून! उद्या पडदा पेटला तर?"

"पडदा त्या बाजूला नाहीच आहे," आई आतून म्हणाली.

"आई, थट्टा नको. तू माझ्याबरोबर चल. आज चल."

"तुझ्या अकराव्या मजल्यावर? खिडकीतून खाली पाहिलं की मी भिंत धरते. मी नाही येणार. इथे मला काय कमी आहे?"

"इथे कोण आहे तुझ्याबरोबर?"

आतून फळी सरकवल्याचा आवाज आला. त्या आवाजानं भाऊ जास्त घाबरला. तो माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "ती म्हणते बाबांचा वास येतो. हे लक्षण चांगलं नाही, ताई. डॉक्टरला दाखवायला लागेल."

"वास मलाही आला."

"मला नाही आला," तो म्हणाला. तो मधल्या खोलीच्या उंबरठ्याबाहेर उभा होता. आल्यापासून तो त्या खोलीत गेलाच नव्हता.

शेवटी तडजोड झाली. फळीला नवं कव्हर घालायचं, जळणार नाही असं. आईनं यापुढे कपडा ठेवूनच इस्त्री करायची. पुढच्या रविवारी भाऊ येऊन पाहील. सगळं त्याच्या मनासारखं असेल तर आई नगरलाच राहील. नाहीतर बॅग भरायची. आई हो म्हणाली, पण तिनं एक अट घातली. जुनं काढायचं नाही.

ही अट नवी नव्हती. आमच्या घरात फळीचं जुनं कव्हर कधी काढलंच जात नसे. वरचं खराब झालं की त्यावर नवं कापड ताणून खालून बारीक खिळे मारायचे, अशी वडिलांची पद्धत होती. गोधडीत जुनी लुगडी राहतात तसं. त्यामुळे फळी दर काही वर्षांनी थोडी जाड होत गेली होती.

सोमवारी आम्ही दोघी कापड बाजारात गेलो. मी आधी थोडी चौकशी करून ठेवली होती. वर सुती हवं, कारण पॉलिस्टर तापलं की आखडतं आणि चिकटतं. रंगीत किंवा छापील नको, ओल्या कपड्यावर रंग उतरतो. आत स्पंज नको, तो वितळतो. हे सगळं आई ऐकून घेत होती. तिचं स्वतःचं एक वेगळंच मोजमाप आहे, हे पहिल्या दुकानात कळलं.

दुकानदारानं चंदेरी थर दिलेलं कापड पुढे टाकलं. "मावशी, हेच घ्या. आता सगळे हेच नेतात. उष्णता उलटी फेकतं. एका बाजूनं इस्त्री फिरवा, दोन्ही बाजू कडक."

आईनं कापड चिमटीत धरलं. "याच्यातून खालचं वर येतं का?"

"खालचं म्हणजे?"

"वाफ. वास."

"छे छे! काही येणार नाही. गॅरंटी."

"मग नको."

दुकानदार माझ्याकडे पाहायला लागला. "ताई, गॅरंटी नको म्हणणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघतोय."

"शिवाय चंदेरी कागदात पोळ्या बांधल्यासारखं दिसतं," आई म्हणाली.

तो हसला आणि त्यानं मांजरपाट काढला. कोरा, पिवळसर, त्यात कापसाचे काळे बारीक ठिपके. आईनं त्याची घडी उलगडली, एक पदर तोंडासमोर धरला आणि त्यातून जोरात श्वास ओढला. मग सोडला. मग पुन्हा ओढला. दुकानातली दुसरी गिऱ्हाइकं बोलायची थांबली. आईचा चेहरा त्या कापडामागे होता आणि श्वासाबरोबर कापड तोंडाच्या जागी आत-बाहेर होत होतं.

"हे चालेल," ती म्हणाली.

आत घालायला काय, हा प्रश्न उरला. बाजाराच्या टोकाला पारनेरकडचा एक म्हातारा घोंगड्या घेऊन बसलेला होता. लोकर लवकर जळत नाही, पाणी शोषते, फळीला उत्तम. मी थांबले.

"घ्या माय, लई टिकतं. तुमच्या नातवाला बी पुरंल."

आईनं घोंगडी उचलून नाकाला लावली. "मेंढीचा वास येतोय."

"मंग काय वाघाचा यील?"

वडील गेल्यानंतर आई पहिल्यांदा मोठ्यानं हसली ती तिथे. म्हाताराही हसला. पण घोंगडी तिनं घडी घालून परत ठेवली.

"का गं? चांगली होती."

"दोन वास एका जागी नकोत," आई चालता चालता म्हणाली. "त्यांना त्रास होईल."

पुढच्या दुकानात पांढरं फलालीन मिळालं. मऊ, सुती, स्वतःचा वास नसलेलं. आईनं तेही तोंडावर धरून पाहिलं आणि मान हलवली.

मांजरपाट घरी आणून बादलीत भिजवला. कोरा असताना ताणून बसवला तर पहिल्या वाफेला आटतो आणि खिळ्यांशी फाटतो. दोनदा पाणी बदललं. पाणी आधी चहासारखं निघालं, मग स्वच्छ झालं. गच्चीवर वाळवला, इस्त्री केली. बुधवारी दुपारी रजा टाकून मी फळी आडवी केली आणि कामाला लागले.

नवं कापड जुन्यावर बसेना. भोकाच्या जागी बोट घातलं तर ते खोल जात होतं. जळणं एका कव्हरापुरतं राहिलं नव्हतं. खालची कापडंही भुगा झाली होती. बोटाला काळी पूड लागली. असल्या पायावर काही ताणलं असतं तर महिन्याभरात खळगा पडला असता आणि भावाला तेवढंच पुरलं असतं. मी आईला ते दाखवलं.

आई खुर्ची ओढून बसली. तिनं भोकाच्या कडेची पूड फुंकून पाहिली. "वरचं एकच काढ," ती म्हणाली.

पकडीनं खिळे उपटले आणि कापड एका कडेनं उचललं. ते सहज सुटलं नाही, चिकटलेल्या पानासारखं करकरत वर आलं. खालच्या कापडावर एक आकृती होती.

पाठीचा आकार होता. दोन खांदे, खाली रुंद होत गेलेली कंबर, दोन्ही बाजूंना पसरलेल्या अर्ध्या बाह्या, वर कॉलरची पट्टी. कडा निळसर, मधला भाग फिकट तपकिरी. कारण लगेच लक्षात येण्यासारखं होतं. खळ केलेला, निळीचा ओलसर शर्ट रोज एकाच जागी एकाच तऱ्हेनं ठेवला जात होता. वाफेबरोबर खळ आणि नीळ थोडी थोडी खाली झिरपत होती. वर्षानुवर्षं. कारण कळलं म्हणून पाहणं सोपं झालं नाही. फळीवर डोकं नसलेला माणूस पालथा पडला होता, हात पसरून.

"हेच आहेत," आई म्हणाली. तिनं कंबरेच्या जागी हात ठेवला. "पोट सुटलं होतं तेव्हाचे."

इथे थांबावं असं मला वाटलं. आता आईच थांबायला तयार नव्हती.

"पुढचं काढ."

"तूच म्हणालीस एकच."

"काढ गं."

पुढच्या कापडावर पुन्हा तीच आकृती होती, तशीच निजलेली, कॉलर खिडकीकडे. कंबर थोडी कमी. त्याखाली आणखी कमी. आई प्रत्येक थरावर वाकायची आणि सांगायची. हे तुझ्या लग्नाच्या सुमाराचे. हे टायफॉइडनंतरचे, बघ कसे वाळलेत. मग बाह्या लांब झाल्या. तरुणपणी ते पूर्ण बाह्यांचे शर्ट घालत. कॉलरची टोकं लांब आणि निमुळती झाली, जुन्या फॅशनची. खांदे अरुंद झाले. एकेक कापड निघत होतं आणि फळीवरचा माणूस तरुण होत होता. शेवटी एक सडपातळ, जेमतेम पंचविशीचा पोरगा उरला. आईनं बोटाच्या टोकानं खांद्यापासून मनगटापर्यंत रेघ ओढली.

तेही कापड काढलं. कारण भोक अजून खाली गेलेलं होतं.

शेवटच्या थराला वडिलांचे खिळे नव्हते. पितळी गोल डोक्याचे, एका ओळीत मारलेले दुसरेच खिळे होते. कापड जाड, मळकट हिरव्या रंगाचं. त्यावरही आकृती होती.

ही निळी नव्हती. मातकट, खाकीकडे झुकणारी होती. खांदे वडिलांच्या दीडपट रुंद. खांद्यांवर पट्ट्यांच्या खुणा. दोन्ही बाजूंना चौकोनी खिशांचे आकार आणि त्यात धातूच्या बटणांचे हिरवट गोल डाग. हा शर्ट वर्दीचा होता. आणि त्याची कॉलर खिडकीकडे नव्हती, उलट्या टोकाला होती. म्हणजे इतकी वर्षं या फळीवर दोन माणसं, एकाच्या पायाशी दुसऱ्याचं डोकं, अशी निजलेली होती. एक वर, एक खाली.

"हे कोण?" आईनं विचारलं.

तिच्या आवाजात पहिल्यांदाच भीती होती.

"फळी बाबांनी कुठून आणली होती?"

आईला आठवायला वेळ लागला नाही. "लग्न झालं त्या वर्षी. भिंगारला लष्कराच्या कॅम्पात कुठल्याशा साहेबाचं सामान विकायला काढलं होतं. हे सायकलवर बांधून घेऊन आले. मी म्हटलं, कुणाची वापरलेली, वरचं काढून टाका. तर म्हणाले, गादी चांगली जाड आहे, कशाला काढायची, वरून कापड घालू."

"साहेबाची बदली झाली होती?"

"बदली झाली होती की दुसरं काही, हे ह्यांनी विचारलं नाही. मीही नाही विचारलं."

पितळी खिळे काढले. हिरव्या कापडाखाली लोकरीचं जुनं ब्लँकेट होतं, दुहेरी घडी घातलेलं, काळपट. तिथवर आग पोचली नव्हती. लोकर नुसती कडेला कुरळी झाली होती.

मग जे केलं ते करायला नको होतं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण न करता राहिलं असतं तर शंका राहिली असती. मी सगळी कापडं जमिनीवर सतरंजीवर वेगवेगळी मांडली. इस्त्री तापवली. वडिलांच्या शेवटच्या कव्हरावर पाणी शिंपडलं आणि इस्त्री ठेवली. वाफ आली. खळीचा, भाजक्या सुताचा वास आला. दुसरं काही नाही. आई वाकली, तिनं तोंड धरलं आणि नकाराची मान हलवली. पुढचं कापड. तेच. त्या पुढचं. तेच. त्या तरुण पोराच्या कापडालाही तेच.

ब्लँकेटावर पाणी शिंपडलं आणि इस्त्री ठेवायच्या आधीच कळलं. खोबरेल तेल, ओलं लोखंड, शिळा तंबाखू. खोली भरून गेली. बाहेर उन्हात भाजीवाला ओरडत होता, शेजारी कुणीतरी टीव्ही लावला होता, आणि आमच्या दोघींच्या मधे वडील उभे होते. ते वडील नव्हते.

आई जमिनीवर बसली.

"म्हणजे हे ओढत नव्हते," ती थोड्या वेळानं म्हणाली.

"नाही."

"लग्नानंतर वर्षभर मी ह्यांचे खिसे तपासायची. शर्टांचा वास घ्यायची. देवावर हात ठेवून सांगितलं होतं त्यांनी, कधी शिवलेलो नाही म्हणून. मी म्हटलं, वास काय खोटं बोलतो?" ती थांबली. "मग सवय झाली. मग आवडायला लागला."

रोज सकाळी वाफेबरोबर तो वास वर येत होता आणि वडिलांच्या शर्टात शिरत होता. तो घालून ते कोर्टात जात होते, संध्याकाळी परत येत होते, आम्हाला जवळ घेत होते. आम्ही दोघं भावंडं त्या वासाला बाबा म्हणून ओळखत मोठे झालो.

"मग ह्यांचा स्वतःचा वास कसला होता?" आईनं विचारलं.

हुंगून पाहायला उशीची खोळ नव्हती, टॉवेल नव्हता, चपला नव्हत्या. तेराव्याच्या आत सगळं देऊन झालं होतं.

मी म्हणाले, "हे ब्लँकेट मी टाकून देते. फलालीन आहेच. नवी फळी होईल."

आई हो म्हणेल असं वाटलं होतं. ती उठून बाहेर गेली, पाणी प्यायली, परत आली आणि त्या काळपट घडीकडे उभ्यानंच पाहत राहिली. संध्याकाळ व्हायला लागली होती. तिनं दिवा लावला नाही.

"तो माणूस कोण, कुठला, मला माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "पण ह्यांच्या अंगावर तोच होता, रोज. त्याला बाहेर काढला तर हेही जातील. ठेव आत."

"आई, भाऊ म्हणतो तसं—"

"तो काय म्हणतो ते रविवारी बघू. तू खिळे मार."

करपलेलं हिरवं कापड बाजूला ठेवून ब्लँकेट परत फळीवर घातलं. तिनं ते टोकाला टोक बदलून, उलटं फिरवून घ्यायला लावलं. आता त्या माणसाचं डोकं खिडकीकडे आलं. त्यावर फलालीनचे दोन पदर, त्यावर मांजरपाट, ढोलासारखा ताणून. कोपरे मुडपून आत घेतले, खालून एकसारखे खिळे मारले. काम चांगलं झालं. फळी इतकी सपाट आणि पांढरी मी कधी पाहिली नव्हती.

वडिलांची कापडं आईनं दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यातून काढली. आकृत्या जातील असं वाटलं होतं; त्या गेल्या नाहीत, उलट ओल्या कापडावर गडद झाल्या. तिनं ती गच्चीवर दोरीला ओळीनं चिमटे लावून वाळत घातली. वारा होता. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. दोरीवर जाड होत गेलेले, बारीक होत गेलेले खांदे एकाच वेळी पुढे येत होते आणि मागे जात होते. शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवरून म्हणाल्या, "अहो, आज एवढं काय काढलंत धुवायला?"

"घरातलंच," आई म्हणाली.

रविवारी भाऊ जेवायच्या आधी आला. गाडीत मोठी रिकामी बॅग होती. ती त्यानं आत आणली नाही, पण मागच्या सीटवर दिसत होती. यावेळी तो मधल्या खोलीत आला. त्यानं फळी दाबून पाहिली, कडेवरून हात फिरवला, खाली वाकून खिळे पाहिले.

"हे कुणाकडून करून घेतलं?"

"घरी केलं," मी म्हणाले.

"छान झालंय." त्याचा आवाज जरा नाराज होता. "आणि आई, कपडा ठेवूनच करतेस ना?"

"तुझा शर्ट काढ," आई म्हणाली.

"काय?"

"बघ केवढा चुरगळलाय. गाडीत बसून पार बोळा झालाय. काढ, आत्ता करून देते. तुझ्या डोळ्यांसमोर. पेटले तर ने मला."

तो हसला. शर्ट काढून बनियनवर उभा राहिला, लहानपणी शाळेच्या आधी उभा राहायचा तसा. आईनं शर्ट फळीवर पालथा घातला, बाह्या पसरल्या. पाणी शिंपडलं. कॉलर तिनं खिडकीकडे ठेवली नव्हती; ती बाजू आता त्या माणसाची होती. वाफ उठली, आणि मी दोन पावलं मागे सरले. भाऊ मोबाईल पाहत होता. इस्त्री फिरली, शर्ट उलटून झाला, बाह्या झाल्या. कुठे काही करपलं नाही. आईनं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि शर्ट त्याच्या हातात दिला.

त्यानं गरम शर्ट अंगात घातला. वरचं बटण लावता लावता त्याचे हात थांबले.

बटण तसंच सोडून तो मागे सरकला. मग वडिलांच्या खुर्चीवर बसला आणि त्यानं दोन्ही बाह्या गच्च धरल्या, थंडी वाजल्यासारखं.

"ताई," तो म्हणाला. "बाबा."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"येतो कधी कधी," आई म्हणाली.

तो रडला नाही. जेवताना ताटात जे पडेल ते खात राहिला. हात धुऊन झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "तुला इथे भीती नाही वाटत?"

"वाटली होती. बुधवारी. आता नाही."

बुधवारी काय झालं होतं, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर आम्ही काय सांगितलं असतं, ते मला माहीत नाही. "रोज रात्री फोन करत जा," तो म्हणाला. "आणि रिकामी इस्त्री नाही." आई बरं म्हणाली. एवढ्यावर तो विषय संपला. आई नगरलाच राहणार होती.

चहा घेऊन तो निघाला. आम्ही दोघी फाटकापर्यंत गेलो. ऊन अजून कडक होतं, गाडी दुपारभर उन्हात तापलेली होती. तो आत बसला, त्यानं एक बाही नाकाशी नेली आणि डोळे मिटून क्षणभर तसाच राहिला. मग उकडत असतानाही त्यानं गाडीच्या चारही काचा एकेक करून वर घेतल्या, एसी लावला नाही, आणि तो पुण्याच्या दिशेनं गेला.